दुकान बंद होते, धडधड थांबत नाही

रात्रीचे साडेदहा वाजून गेले आहेत. आपले जेवण केव्हाच झाले आहे, गोळ्या घेऊन झाल्या आहेत, तरी आपण अंथरुणाला पाठ टेकत नाही. कान दाराकडे लागलेला आहे. मॉलमधल्या, सुपरमार्केटमधल्या किंवा साड्यांच्या मोठ्या दुकानातल्या नोकरीवरून सून, मुलगी, नातू, जे कोणी घरी यायचे आहे, ते आल्यावाचून आपल्याला झोप नाही. कुलपात किल्ली फिरते, ओढलेला चेहरा आत येतो आणि आपल्या तोंडून आपसूक प्रश्न निघतो, "काय गं, एवढा उशीर? कसा गेला दिवस?" उत्तर येते, "ठीक." कधी तेही येत नाही. चपला कोपऱ्यात पडतात, न्हाणीघराचे दार लागते आणि आपण मनातल्या मनात खट्टू होतो.

हा लेख त्या लागलेल्या दाराविषयी आहे. दिवसभर उभे राहून शेकडो माणसांना हसतमुखाने सामोरे जाणाऱ्या तरुण माणसाच्या मनात जी धास्ती हळूहळू घर करते, तिच्याविषयी आहे. ती धास्ती ज्याला ग्रासते त्याच्यासाठी सल्ले पुष्कळ असतात. घरी त्याची वाट पाहणाऱ्या वडीलधाऱ्यांशी मात्र फारसे कोणी बोलत नाही. वास्तविक हे दुखणे प्रथम त्यांच्याच नजरेला पडते, आणि पहिली चूकही बहुधा त्यांच्याच हातून होते. तीही मायेपोटी.

डोंबिवलीतील एका घराची हकिकत सांगावीशी वाटते. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. सासरे एस.टी.तून वाहक म्हणून निवृत्त झालेले, वय ७१, मधुमेह आणि रक्तदाब दोन्ही सांभाळून असलेले. मुलगा टेम्पो चालवतो. आठवड्यातील तीन-चार रात्री तो बाहेरच असतो. सून ठाण्यातील एका मोठ्या सुपरमार्केटमध्ये बिलिंग काउंटरवर. तिला नोकरी लागली तेव्हा घरात आनंद झाला होता. वातानुकूलित जागा, स्वच्छ गणवेश, महिन्याच्या महिन्याला पगार. पहिले वर्ष बरे गेले. मग सासऱ्यांच्या ध्यानात बारीकसारीक गोष्टी येऊ लागल्या. कामावर निघण्याआधी ती तीन-तीनदा शौचाला जाई. भाजी आणून उरलेली नाणी ती टेबलावर मांडून पुन:पुन्हा मोजी. रविवारच्या गर्दीची धास्ती शुक्रवारपासूनच तिच्या ताटात दिसे. दोन पोळ्यांची एक होई. एका रात्री झोपेत ती अगदी स्पष्ट आवाजात म्हणाली, "कॅरीबॅग हवी का?" सासऱ्यांना आधी हसू आले आणि मग ते विरले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी तिची समजूत घातली. "अगं, मी ३३ वर्षं रोज पाचशे माणसांशी बोललो. पैसे मोजले, डेपोत हिशेब दिला, कमी भरले तर खिशातून भरले. आम्हाला कधी असलं काही झालं नाही." सूनबाईंनी मान डोलावली आणि त्या दिवसापासून दुकानाविषयी घरात एक शब्दही काढणे बंद केले.

दिवाळीच्या आठवड्यात ठाणे स्टेशनच्या फलाटावर तिला अचानक छातीत धडधडू लागले. हातांना मुंग्या आल्या, श्वास पुरेना, आता आपण जाणार असे वाटले. सहकारी मुलीने तिला जवळच्या दवाखान्यात नेले. हृदयाचा आलेख सरळ निघाला. "काही नाही, टेन्शन आहे," असे सांगून तिला घरी पाठवण्यात आले. त्या रात्री सासऱ्यांनी स्वत:च्या झोपेच्या गोळीचे दोन तुकडे केले आणि एक तिच्या हातावर ठेवला. ती गाढ झोपली. सकाळी डोके जड, डोळे जड, तशीच कामावर गेली आणि संध्याकाळी गल्ल्यात ५०० रुपये कमी भरले. धास्तीला आता पुरावाही मिळाला.

या हकिकतीत कोणीही दुष्ट नाही. तरीही ती मुलगी प्रत्येक पायरीला अधिक एकटी होत गेली. असे का झाले, हे पाहू.

खरा धोका समोर आला की शरीर त्याला तोंड देण्यासाठी सज्ज होते. हृदय वेगाने चालते, स्नायू ताणले जातात, पचनाचे काम बाजूला पडते, घाम सुटतो. वाघ दिसला तर हे उपकारक आहे. परंतु शरीराला वाघ आणि रागावलेले गिऱ्हाईक यांतला फरक फारसा कळत नाही. धोका टळला की ही यंत्रणा निवांत व्हायला हवी. बिलिंग काउंटरवर ती निवांत होत नाही, कारण एक गिऱ्हाईक गेले की दुसरे उभेच असते. आठ-नऊ तास अर्धवट सज्ज राहिलेले शरीर घरी आल्यावरही सज्जच राहते. म्हणून झोप लागत नाही, पोट बिघडते, मान आखडते, क्षुल्लक आवाजाने दचकायला होते. हे नाटक नव्हे आणि नाजूकपणाही नव्हे.

'काही नाही' हे डॉक्टरांचे शब्द म्हणूनच घरात उच्चारू नयेत. हृदयाला काही झालेले नाही, एवढाच त्यांचा अर्थ असतो. भीतीचा असा झटका, ज्याला पॅनिक अटॅक म्हणतात, साधारणत: दहा मिनिटांत टोकाला पोहोचतो आणि अर्ध्या तासाच्या आसपास ओसरतो. तो जीवघेणा नसतो. परंतु ज्याला येतो त्याला मृत्यूच समोर दिसतो. येथे एक गोष्ट मात्र बजावून सांगतो. छातीत दुखणे, धाप, घाम हे प्रथमच झाले तर वय कितीही कमी असो, हृदयाची तपासणी टाळू नये. 'टेन्शन असेल' हा निष्कर्ष तपासणीनंतरचा आहे, आधीचा नव्हे.

आता आपल्या वाहकसाहेबांकडे परत येऊ. सुनेने बोलणे बंद केल्यावर एका दुपारी ते तिला न सांगता त्या सुपरमार्केटात गेले. साबणाची वडी घेऊन शेजारच्या रांगेत उभे राहिले आणि पंधरा मिनिटे तिच्याकडे पाहत राहिले. एका गृहस्थांनी पिशवीचे दहा रुपये का लावले म्हणून आवाज चढवला. तिने तीनदा "सॉरी सर" म्हटले. पर्यवेक्षक आला, त्याने गृहस्थांची माफी मागितली आणि तिच्याकडे डोळे वटारले. डोक्यावर कॅमेरा होता. रांगेतील पुढच्या बाईंना तिने त्याच क्षणी हसून नमस्कार केला.

"मी पाचशे माणसांशी बोललो हे खरं," ते नंतर म्हणाले, "पण मला भांडता येत होतं. कुणी फार बोललं तर मी घंटी मारून गाडी थांबवायचो आणि म्हणायचो, उतर खाली. तिला काय थांबवता येतं?"

एवढ्या नेमक्या शब्दांत हे सांगायला समाजशास्त्राला बराच काळ लागला. अमेरिकेतील समाजशास्त्रज्ञ आर्ली हॉकशील्ड यांनी विमानातील हवाई सुंदरींच्या कामाचा अभ्यास करून १९८३ साली एक पुस्तक प्रसिद्ध केले आणि 'भावनिक श्रम' ही कल्पना मांडली. पोती उचलणे जसे श्रमाचे, तसेच मनात संताप असताना चेहऱ्यावर प्रसन्नता ठेवणे हेही श्रमाचे काम आहे, आणि कित्येक नोकऱ्यांत पगार त्याचाच मिळतो, असे त्यांचे प्रतिपादन होते. आपल्या पिढीतील बहुतेकांनी राग गिळला तो साहेबापुढे. तोही दिवसातून एखाद-दुसऱ्या वेळी. दुकानातील मुलामुलींना तो मिनिटामिनिटाला गिळावा लागतो आणि वर हसावे लागते. 'आम्ही नाही का नोकऱ्या केल्या?' हे आपले वाक्य म्हणूनच त्यांना लागते. तुलना ज्या गोष्टींची होते, त्या सारख्या नसतात.

पुण्यातील दुकानांच्या 'दुपारी १ ते ४ बंद' या पाटीवर आपण सर्वांनी मनसोक्त विनोद केले आहेत. दुकानदाराचा तुसडेपणाही आपल्या चेष्टेचा विषय होता. मात्र त्या पाटीमागे जेवून घटकाभर आडवा होणारा एक माणूस होता, हे आज मॉलच्या काचेपुढे उभे राहिल्यावर कळते. इथे दुपारचे जेवण चार वाजता होते, गर्दी असेल तर पाचला. प्रसाधनगृह दूर, जायचे तर पर्यवेक्षकाला विचारून. म्हणून मुली पाणीच कमी पितात आणि मूत्रमार्गाच्या संसर्गाने बेजार होतात. दिवसाकाठी सहा-सात कप चहा होतो. चहा-कॉफीतील कॅफीन निम्मे उतरायलाच सुमारे पाच तास लागतात. संध्याकाळी सातचा कप मध्यरात्री झोप उडवतो आणि धडधडीत भर घालतो. शिवाय उभे राहणे. केरळात कोझिकोडच्या कापड दुकानांतील स्त्रियांनी पी. विजी यांच्या पुढाकाराने साधे बसण्यासाठी आणि प्रसाधनगृहासाठी आंदोलन केले. त्यानंतर २०१८ साली तेथे दुकानातील कामगारांना बसण्याची सोय देणे कायद्याने बंधनकारक झाले. २०२१ मध्ये तमिळनाडूनेही तसा कायदा केला. बसण्यासाठी कायदा करावा लागतो, यावरून उभ्या राहणाऱ्यांच्या दिवसाची कल्पना यावी.

घरी आल्यानंतरचा पहिला अर्धा तास

दुकान आपल्या हातात नाही. घरातील पहिला अर्धा तास मात्र पुष्कळसा आपल्या हातात आहे.

जो माणूस दिवसभर प्रश्नांची उत्तरे देऊन आला आहे, त्याला दारात आणखी एक प्रश्न विचारू नये. 'कसा गेला दिवस?' हा प्रश्न आपल्या दृष्टीने मायेचा. त्याच्या दृष्टीने रांगेतले पुढचे गिऱ्हाईक. डोंबिवलीच्या आजोबांनी इतकेच केले, की सून येण्याच्या सुमारास बातम्यांचा आरडाओरडा करणारा टीव्ही बंद करायचा, स्वयंपाकघरातला दिवा लावून ठेवायचा, आमटी मंद आचेवर ठेवायची आणि आपण शब्दकोडे घेऊन बसायचे. ती आली की मान वर करून एकदा हसायचे, बस्स. तिचे पाय भरून आलेले असत, म्हणून बादलीत कोमट पाणी काढून ठेवायचे. हे सारे त्यांनी तिला न सांगता सुरू केले. पहिले आठ-दहा दिवस काही घडले नाही. मग एके रात्री ताट वाढून घेता घेता ती आपणहून बोलू लागली, आणि बोलता बोलता रडली.

अशा वेळी काय बोलावे, असे अनेक वडीलधारे विचारतात. बोलण्यापेक्षा काय बोलू नये, हे सांगणे सोपे आहे. 'मनावर घेऊ नकोस' हे सांगू नये. मनावर न घेणे शक्य असते तर तिने घेतलेच नसते. 'सोडून दे ती नोकरी' हेही लगेच म्हणू नये, कारण घरभाड्याचा आणि आपल्या औषधांचा हिशेब तिच्याही डोक्यात असतोच. 'तुला त्रास होतो आहे हे मला दिसतंय' एवढे वाक्य पुरते. कधी कधी विनोद कामी येतो. आजोबांनी पुढे एक पद्धत पाडली, "आज सर्वांत तऱ्हेवाईक कोण भेटलं?" असे ते जेवणानंतर विचारीत. ज्या माणसाने दुपारी तिला रडकुंडीला आणले, त्याचीच नक्कल रात्री घरात होऊ लागली.

आणखी एका गोष्टीचा उल्लेख संकोचाने करतो, कारण तो आपल्याविषयी आहे. दुकानात जाणाऱ्या त्या व्यक्तीवर बहुधा आपलीही जबाबदारी असते. इन्सुलिनची वेळ, रक्ताचा अहवाल, गॅस बंद केला की नाही. कामाच्या वेळी तिचा फोन कपाटात कुलूपबंद असतो. आपण सहज म्हणून फोन करतो, ती उचलत नाही, आपल्याला काळजी वाटते, आपण पुन्हा करतो. जेवणाच्या सुटीत तिला अकरा न घेतलेले फोन दिसतात आणि तिच्या काळजात चर्र होते. घरी विचारायचे असते इतकेच, की डबा कुठे ठेवला. यावर तोडगा काढता येतो. दुपारी तिच्या सुटीच्या वेळी आपल्याकडून एकच निरोप, 'जेवलो, गोळी घेतली, बरा आहे'. खरी अडचण आली तर दुकानाच्या कार्यालयाचा क्रमांक आणि शेजाऱ्यांचा क्रमांक मोठ्या अक्षरांत भिंतीवर. आठवड्याच्या गोळ्या रविवारऐवजी तिच्या सुटीच्या वारी खणांच्या डबीत भरून ठेवलेल्या. आपण सुखरूप आहोत ही खात्री दुपारी दोनला मिळाली, तर काउंटरवरच्या माणसाच्या डोक्यातील दोन काळज्यांपैकी एक तरी उतरते.

श्वसनाचा उपायही सांगण्यासारखा आहे, कारण आपल्यापैकी कित्येकजण रोज सकाळी प्राणायाम करतात. श्वास सोडताना हृदयाची गती किंचित मंदावते. म्हणून घेण्यापेक्षा सोडणे लांबवले, चार अंक मोजत घेतला आणि सहा अंक मोजत सोडला, तर पाचेक मिनिटांत शरीर थोडे निवते. पण हे झटका आल्यावर प्रथमच शिकवू नये. बुडणाऱ्याला पोहण्याचा पहिला धडा देता येत नाही. सुटीच्या सकाळी आपल्या शेजारी बसवून करून घ्यावे, महिनाभर, गाजावाजा न करता. मग गिऱ्हाईक आणि गिऱ्हाईक यांच्यामधल्या दहा सेकंदांतही असा एक श्वास घेता येतो, तळपाय जमिनीवर दाबता येतात, खांदे खाली सोडता येतात. बघणाऱ्याला कळतही नाही.

मायेपोटी होणारी सर्वांत मोठी चूक मात्र वेगळीच आहे. सकाळी तिला घाम फुटलेला पाहून आपण म्हणतो, "आज जाऊच नकोस." ती थांबते, तासाभरात तिला मोकळे वाटते, आणि तिचे मन एक धडा शिकते, की दुकान टाळले की बरे वाटते. दुसऱ्या दिवशी पाय उचलणे दुप्पट कठीण होते. चिंता टाळाटाळीवर पोसली जाते. आजारी असेल तर रजा अवश्य घ्यावी; पण निव्वळ भीतीने मोडलेला दिवस भीतीला बळ देतो. स्टेशनपर्यंत सोबत चालत जाणे हे घरी थांबवण्यापेक्षा अधिक उपयोगाचे ठरते. आजोबा दीड महिना तिच्यासोबत डोंबिवली स्टेशनपर्यंत गेले. त्यांच्या साखरेलाही ते मानवले.

डॉक्टरांकडे केव्हा

काळजी, चिडचिड आणि झोपमोड दोन-तीन आठवडे जवळपास रोज राहिली, कामावर किंवा घरात नेहमीची कामे अडू लागली, वजन उतरू लागले, झटके पुन्हा येऊ लागले, कोणी दारूचा किंवा तंबाखूचा आधार वाढवू लागला, तर थांबू नये. पहिली पायरी आपले नेहमीचे डॉक्टर. थायरॉइडचा दोष आणि पंडुरोग यांतही धडधड आणि थकवा येतो. रक्ताच्या साध्या तपासणीत ते कळते. त्यानंतर मानसोपचारतज्ज्ञ. ते अनेकदा सात प्रश्नांची एक छोटी प्रश्नावली भरून घेतात. गेल्या दोन आठवड्यांत काय काय किती दिवस जाणवले, याला शून्य ते तीन असे गुण. बेरीज दहा किंवा त्याहून अधिक आली तर नीट तपासणीची गरज आहे असे समजतात.

आपल्या पिढीला येथे अडखळायला होते, हे मान्य केले पाहिजे. ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी या गावांची नावे आपण लहानपणापासून वेडाच्या विनोदात ऐकली, कारण राज्याची प्रादेशिक मनोरुग्णालये तेथे आहेत. 'तुला ठाण्याला पाठवायला हवे' हे वाक्य आपणही कुणाला तरी म्हटलेले असते. त्यामुळे सुनेला मानसोपचाराच्या विभागात न्यायचे म्हटले की लोक काय म्हणतील, हा विचार आधी येतो. बाह्यरुग्ण विभागात चिंतेसाठी जाणाऱ्या व्यक्तीला दाखल होण्याची वेळ सहसा येत नाही. अर्धा-पाऊण तास बोलणे होते, पुढील भेटीची तारीख मिळते आणि माणूस संध्याकाळी घरी असतो.

उपचार दोन प्रकारचे. एक म्हणजे बोलून होणारा, ज्यात विचार आणि वर्तन यांची गाठ हळूहळू सोडवतात. 'गल्ल्यात पैसे कमी भरले म्हणजे मी नालायक' हा विचार तपासून पाहायला शिकवतात आणि ज्याची भीती वाटते त्याला पायरीपायरीने सामोरे जायला लावतात. दुसरा औषधांचा. चिंतेवरील मुख्य औषधांचा गुण यायला दोन ते सहा आठवडे लागतात. आठ दिवसांत 'काही फरक नाही' म्हणून ती सोडू नयेत, आणि बरे वाटल्यावर आपल्या मनाने एकदम बंदही करू नयेत.

आणि आपली झोपेची गोळी कोणालाही देऊ नका. अर्धी नाही, पाव नाही. त्या वर्गातील कित्येक गोळ्यांची सवय लागते, दुसऱ्या दिवशी गुंगी राहते, आणि आपल्या वयाला व वजनाला ठरवलेली मात्रा दुसऱ्याची नसते. ५०० रुपयांची ती तूट आजोबांनी स्वत:च्या निवृत्तिवेतनातून भरली, पण तिच्या मनातून ती काढायला समुपदेशकाला चार भेटी लागल्या.

दवाखान्यापर्यंत जाण्याची मनाची तयारी नसेल तर 'टेलि-मानस' या शासकीय सेवेचा १४४१६ हा क्रमांक आहे. १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू असलेली ही सेवा चोवीस तास, विनामूल्य असून मराठीतूनही बोलता येते. काळजी घेणाऱ्यांनीही तेथे फोन करावा. रुग्णानेच केला पाहिजे असे नाही. जगण्यात अर्थ नाही, मी नसले तर बरे, असे शब्द कानावर आले तर ते ऐकून न ऐकल्यासारखे करू नयेत. 'जिवाचं काही करावंसं वाटतं का?' असे शांतपणे, थेट विचारावे. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही; उलट कोणीतरी विचारले याचा आधार वाटतो. त्या रात्री तिला एकटे ठेवू नये आणि लगेच मदत घ्यावी.

सगळाच दोष मनाचा मानणे हाही अन्याय आहे. काही दुकाने माणसाला आजारी पाडतात. राज्याच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्याने दुकाने वर्षाचे सर्व दिवस उघडी ठेवण्याची मुभा दिली, पण कामगाराला आठवड्यातून एक दिवस सलग २४ तासांची सुटी मिळालीच पाहिजे, असेही त्यात आहे. रोकड कमी भरल्याबद्दल पगार कापण्यापूर्वी कामगाराला आपली बाजू मांडण्याची संधी द्यावी लागते. पगार दरमहा २१,००० रुपयांपर्यंत असेल आणि दुकानाला राज्य कामगार विमा योजना लागू असेल, तर त्या योजनेच्या दवाखान्यात उपचार मिळतात आणि आजारपणाच्या प्रमाणित रजेत, ठरलेल्या अटींनुसार, वर्षाला ९१ दिवसांपर्यंत सुमारे ७० टक्के वेतन मिळू शकते. पगारपत्रकावर त्या विम्याची कपात दिसते का, हे चष्मा लावून आपण पाहावे. तरुण मुले ते पान उलटूनही पाहत नाहीत. सुटी नाही, शिवीगाळ आहे, अंगचटीला येणे आहे, तर तेथे श्वसनाचे प्रकार शिकवत बसू नये. ती नोकरी सोडण्याजोगीच आहे. मात्र दुसरी मिळेपर्यंतचे तीन महिने कसे भागवायचे, हे घराने एकत्र बसून ठरवावे, म्हणजे सोडणाऱ्यावर एकट्याचा भार पडत नाही.

आपण स्वत: गिऱ्हाईक म्हणून दुकानात जातो तेव्हाचे काय? 'ग्राहक राजा'च्या चळवळीने आपल्याला हक्क शिकवले आणि ते योग्यच झाले. तक्रार असेल तर ती ग्राहक सेवा कक्षात किंवा व्यवस्थापकाकडे करावी; पिशवीचे दहा रुपये काउंटरवरच्या मुलीने ठरवलेले नसतात. आपल्याला पाकीट उघडायला, सुटे मोजायला वेळ लागतो. तिचा वेळ मात्र यंत्र मोजत असते. कामाच्या दिवशी सकाळी अकराच्या सुमारास गेले तर गर्दी नसते, आपल्यालाही धक्के बसत नाहीत आणि तिलाही दोन शब्द बोलता येतात.

डोंबिवलीच्या त्या घरात सगळे सुरळीत झाले, असे मी सांगणार नाही. सुपरमार्केटने तिला विनंतीवरून तीन महिने भाजी वजन करण्याच्या विभागात दिले, मग ती पुन्हा बिलिंगवर आली. औषध चालू आहे, मात्रा कमी झाली आहे. रविवार अजून जड जातो. दिवाळीचे वेळापत्रक लागले की तिचे पोट बिघडते, पण ते दोन दिवस, पूर्वीसारखे दोन आठवडे नाही. आजोबांची झोपेची गोळी आता त्यांच्याच उशाशी असते.

गेल्या महिन्यात एका रात्री दहा चाळीसला किल्ली फिरली. आजोबांनी मान वर केली, हसले आणि आडव्या सातव्या शब्दाकडे वळले. न्हाणीघरातून बाहेर येऊन, केस पुसत, ती त्यांच्यासमोर बसली. "बाबा, आज एक आजोबा आले होते. सगळी चिल्लर घेऊन. २७० रुपयांची. मागे रांग ओरडतेय आणि आम्ही दोघं मोजतोय. दोनदा चुकलो. तिसऱ्यांदा मोजताना त्यांना हसू फुटलं, मग मलाही."

"बरोबर भरली का?" त्यांनी विचारले.

"एक रुपया जास्त होता," ती म्हणाली आणि ताट घ्यायला आत गेली.